अस्वलाच्या पोटावरचा शिक्का

साहेब परिषदेहून परतले ते एक नवा शब्द घेऊन. मागच्या परिषदेहून त्यांनी 'वाचकस्नेही' आणला होता, आणि त्या एका शब्दापायी वाचनकक्षातल्या चांगल्या धडधाकट खुर्च्या जाऊन तिथे कापडी गोळे आले होते. त्यांत रुतलेला माणूस दोन्ही हात धरून ओढल्याशिवाय उठत नसे. या वेळचा शब्द लांबीला दांडगा होता: आंतरसांस्कृतिक व्यावसायिक विकास. फलक रंगवणाऱ्याने तो कसाबसा दोन ओळींत कोंबला, तर 'विकास' खालच्या ओळीत एकटाच पडला. लोक येऊन विचारू लागले, आज कुणा विकासचा सत्कार आहे का म्हणून.

विद्यापीठात बाहेरदेशची मुलं आता पुष्कळ येत होती. त्यांच्याशी कसं वागावं हे ग्रंथालयाच्या माणसांना शिकवायला हवं, असं साहेबांच्या मनाने घेतलं. खुद्द साहेब त्या मुलांशी एक शब्द बोललेले कुणी पाहिले नव्हते. जिन्यात एखादं समोर आलंच, तर ते खिशातला बंद फोन काढून कानाला लावत आणि "हो, हो, पाठवतो" म्हणत भराभर वर जात.

देवघेवीच्या टेबलावर बसणारी धाकटी हे सगळं बघायची. बघण्यात तिचा हात कुणी धरला नसता. वयाने ती सगळ्यांत धाकटी, नोकरीनेही धाकटी, म्हणून नाव पडलं ते पडलंच. ग्रंथालयशास्त्राची पदवी होती, पण नेमणूक कच्ची. आणि त्या कच्च्या नेमणुकीला तिची लेक बांधलेली होती.

लेकीला घरात ठकी म्हणत. ठकी विद्यापीठाच्या पाळणाघरात होती ती सवलत म्हणून, आणि सवलत होती या सत्रापुरती. आईची नोकरी पक्की झाली तर ठकी तिथेच राहणार, नाही झाली तर बाहेर. पाळणाघर ग्रंथालयाच्या पाठीला लागून होतं. वरच्या मजल्यावर, जुन्या नियतकालिकांच्या रांगांमागे, एक खिडकी होती. तिथून पाळणाघराचं अंगण दिसे. हातात चारदोन पुस्तकं घेऊन, ती जागेवर लावायच्या निमित्ताने, धाकटी दिवसातून कितीदा तरी त्या खिडकीशी जाऊन यायची. ठकीला एकदा तापात झटका आला होता. पोरीचा झटका गेला, आईच्या डोळ्यांतून तो गेला नाही. पोर धावतेय ना, बसली का, का बसली, कुणी कपाळाला हात लावून बघितला का. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पाळणाघरात तिला सोडून इथे निवांत पुस्तकांच्या पाठी वाचत बसणं धाकटीला जमणार नव्हतं. तसं झालं तर नोकरी सोडायची, असं तिचं आणि नवऱ्याचं ठरलं होतं. म्हणजे नवऱ्याने ठरवलं होतं आणि ती गप्प राहिली होती.

साहेबांनी आदेश काढला: जो प्रशिक्षण पूर्ण करील आणि ज्याची शिफारस मी करीन, त्याचीच नेमणूक पक्की होईल.

"म्हणजे एकट्या तुझ्यासाठी एवढा मांडव घातलाय की गं," बांधणी विभागातले काका म्हणाले. "बाकी आम्ही सगळे पक्के. मी तर इतका पक्का की आता गळून पडायला आलो."

"तुम्ही नुसतं बसून राहा," वर्गीकरणाच्या ताई धाकटीला म्हणाल्या. "मान हलवायची. मान हलवून माझं अर्धं आयुष्य गेलं, मानेला काही झालं नाही."

प्रशिक्षक आला. होता आपल्यातलाच, पण दोन वर्षं बाहेरदेशी राहून आला होता आणि ती दोन वर्षं अजून अंगावरून उतरली नव्हती. उकडत असताना गळ्यात मफलर. बोलता बोलता मध्येच थांबायचा, बोटं हवेत फिरवायचा आणि म्हणायचा, "तुमच्याकडे याला काय म्हणतात बरं?" काका लगेच मदतीला धावत. "खुर्ची," ते म्हणत. "याला आमच्याकडे खुर्ची म्हणतात."

दर वाक्याला 'तिकडे' होतं. तिकडे रांगेत इतकं अंतर ठेवतात, तिकडे दात न दाखवता असं हसतात, तिकडे ग्रंथपाल गुडघ्यावर बसून वाचकाशी बोलतो. हे सगळं त्याने पत्रकातही छापून आणलं होतं, शेवटच्या 'सहकार्याबद्दल आभार'सकट.

"एवढं तिकडे होतं तर हा इकडे कशाला आला?" ताई तोंडावर हात धरून पुटपुटल्या. ताईंना माणसांचंही वर्गीकरण करायची खोड होती. प्रशिक्षकाला त्यांनी पहिल्या चहाच्या आधीच 'किरकोळ व संकीर्ण'मध्ये टाकून दिलं होतं.

मग खेळ सुरू झाला. प्रशिक्षकाने कागदाच्या टोप्या वाटल्या, काही पिवळ्या, काही निळ्या. पिवळ्या टोपीवाल्यांचा एक देश, निळ्यांचा दुसरा. दोन्ही देश त्याने घरी बसून बनवले होते. पिवळ्यांच्या देशात डोळ्याला डोळा भिडवणं म्हणजे उर्मटपणा. निळ्यांच्या देशात डोळा चुकवला तर माणूस चोर. आता पिवळ्याने निळ्याकडे जाऊन पुस्तक मागायचं.

काकांना पिवळी टोपी आली, धाकटीला निळी. काका जमिनीकडे बघत टेबलाशी आले.

"पुस्तक द्या."

"कोणतं?" धाकटी त्यांच्याकडे रोखून बघत म्हणाली.

"कोणतंही चालेल. आमच्या देशात वाचत नाहीत, नुसतं मागतात."

"काका, कृपया भूमिकेत राहा," प्रशिक्षक म्हणाला.

"भूमिकेतच आहे. मान दुखतेय भूमिकेत."

साहेब निळी टोपी घालून कोपऱ्यात उभे होते आणि प्रत्येक गोष्टीला टाळ्या वाजवत होते. टोपी त्यांना आखूड पडत होती, पण चेहऱ्यावरचा भाव असा, की जणू दोन राष्ट्रांमधला तह त्यांच्या देखरेखीखाली चालला आहे. धाकटीला वाटलं, हा माणूस घरी आरशात काय बघत असेल? मग वाटलं, बघत असेल आणि आवडतही असेल, तेच तर दुखणं आहे.

तेवढ्यात तिचं लक्ष दाराकडे गेलं. काचेच्या दाराला आतून कडी होती आणि बाहेरून साहेबांच्या सहीची सूचना लावलेली होती: 'परदेशी विद्यार्थ्यांना उत्तम सेवा कशी द्यावी याचे प्रशिक्षण सुरू असल्याने देवघेव बंद राहील.' काचेपलीकडे परदेशी विद्यार्थी उभे होते. हातांवर पुस्तकांचे ढीग घेऊन, सूचना वाचून, पुन्हा वाचून, आतल्या टोप्यांकडे बघत.

त्यांत तिसऱ्या खिडकीचीही होती.

तिचं खरं नाव सगळ्यांच्या जिभेला जड जाई, म्हणून ती जिथे बसायची त्यावरून हे नाव पडलं. संशोधन करायला आलेली, अंगाने बारीक, बोलायला मोजकी. इथली भाषा ती शब्द एकेक करून ठेवावा तशी बोले. तिचा मुलगा ठकीच्याच पाळणाघरात. ठकीने त्याचं नाव गोटू करून टाकलं होतं आणि त्यानेही ते मान्य केलं होतं. एकदा साहेबांची बैठक लांबत लांबत पाळणाघर बंद व्हायच्या वेळेपुढे गेली. धाकटी जीव मुठीत धरून धावत पोचली, तर फाटकाबाहेरच्या बाकावर तिसऱ्या खिडकीची दोन्ही पोरांना दोन बाजूंना घेऊन बसलेली, आणि एका जुन्या चित्रांच्या पुस्तकातून त्यांना वाचून दाखवतेय. गोष्ट एका अस्वलाची होती. भाषा तिची. ठकीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तरी शेवटच्या पानावर अस्वल झोपलं तशी तीही तिच्या मांडीवर झोपली होती.

"तुम्ही घाई नको," ती धाकटीला म्हणाली होती. "मी आहे ना."

'मी आहे ना' असं धाकटीला बऱ्याच दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं.

त्या अस्वलाच्या पुस्तकाचा मुक्काम बहुधा तिसऱ्या खिडकीखालच्या फळीवर असायचा. बाहेरदेशच्या मुलांनी ती फळी आपली आपण सुरू केली होती. घरून आणलेली पुस्तकं तिथे ठेवायची, दुसऱ्याने न्यायची, वाचून परत आणायची. नोंद नाही, तारीख नाही, दंड नाही. कुणी काही हरवत नव्हतं. ग्रंथालयाच्या अख्ख्या इमारतीत सुरळीत चालणारी ती एकच गोष्ट होती, आणि ती चालत होती कारण साहेबांना तिचा पत्ता नव्हता.

पत्ता प्रशिक्षकाने लावून दिला. "समारोपाला कुलगुरू येणार," तो म्हणाला. "त्यांना काहीतरी दाखवता आलं पाहिजे. तुमच्याकडे आंतरसांस्कृतिक असं दिसण्यासारखं काय आहे?"

साहेबांनी सगळी इमारत पालथी घातली आणि तिसऱ्या खिडकीशी येऊन थबकले. एक पुस्तक उचललं, पहिलं पान उघडलं, शेवटचं उघडलं, आणि रस्त्यात अनाथ मूल सापडावं तसा चेहरा केला.

"याच्यावर शिक्का नाही!"

ग्रंथालयातल्या माणसाचं हे दुखणं बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. शिक्का नसलेलं पुस्तक डोळ्यांपुढे आलं की हाताला खाज सुटते. ते कुणाचं आहे हा प्रश्न सुचतच नाही. ते अजून आपलं कसं झालं नाही, एवढंच सुचतं. ताईसुद्धा, एवढ्या शहाण्या ताई, त्या फळीपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "अगंबाई, एवढी सगळी उघडीवाघडी!"

साहेबांनी धाकटीला बोलावलं. "बेटा," ते म्हणाले. साहेबांना अंगावरचं काम दुसऱ्याच्या अंगावर टाकायचं असलं की ते बेटा म्हणत, एरवी 'अहो'. "बेटा, ही सगळी दाखल करून घे. शिक्के मार. दर्शनी दालनात काचेचं कपाट आहे ना, त्यात लाव. वर पाटी: 'अनेक संस्कृती, एक छत'. पडदा मी आणतो."

"साहेब, ही पुस्तकं मुलांची आहेत."

"कोणत्या मुलांची?"

"बाहेरदेशच्या. ती आपापसांत वाचतात."

"मग त्यांच्यासाठीच तर करतोय. कपाटात सुरक्षित राहतील."

"कपाटातली पुस्तकं आपण कुणाला देत नाही."

"म्हणूनच सुरक्षित राहतील," साहेब म्हणाले. मग शिफारशीचा कागद टेबलावर होता तो त्यांनी नुसता थोडा सरळ केला.

धाकटी वरच्या मजल्यावर खिडकीशी जाऊन आली. ठकी अंगणात वाळू भरलेला डबा डोक्यावर उपडा करत होती. धाकटी खाली आली आणि तिने पॅड उघडलं.

शिक्का तीन जागी मारायचा असतो: पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर, आणि मधल्या एका ठरलेल्या पानावर, म्हणजे चोराने पहिलं-शेवटचं फाडलं तरी मधलं बोलतं. जांभळी शाई. हाताला ते काम इतकं सवयीचं होतं की डोक्याला काही काम उरत नव्हतं, आणि धाकटी डोक्यात प्रत्येक शिक्क्याबरोबर एकेकाला शिव्या घालत होती. हा साहेबांच्या नावाने. हा मफलरच्या नावाने. हा मान हलवणाऱ्या ताईंच्या नावाने. अस्वलाचं पुस्तक आलं तेव्हाही हात थांबला नाही. पहिल्या पानावर कुणीतरी वयस्क हाताने, थरथरत्या अक्षरांत, दोन ओळी लिहिल्या होत्या. शिक्क्याची ठरलेली जागा नेमकी तीच होती. मधलं पान उघडलं तर अस्वल उताणं पडलेलं. शिक्का त्याच्या पोटावर बसला, गोल, स्वच्छ, चारी बाजूंनी सारखा. असा सुबक शिक्का तिच्या हातून सहसा उमटत नसे.

सकाळी तिसऱ्या खिडकीची टेबलाशी आली.

"माझी फळी रिकामी," ती म्हणाली.

"पुस्तकं कपाटात ठेवलीत. प्रदर्शनासाठी."

"माझं अस्वल पाहिजे. माझा मुलगा काल झोपला नाही. त्याची आजी दिलं. आता आजी नाही." तिने शब्द पुन्हा नीट लावून पाहिले. "आजी आता नाही."

"मी बघते," धाकटी म्हणाली, आणि म्हणताना आपलाच आवाज साहेबांच्या फोनवरच्या 'हो, हो, पाठवतो'सारखा लागतोय हे तिला ऐकू आलं.

ती साहेबांकडे गेली. साहेब पडद्याचं कापड बोटांनी चाचपत बसले होते.

"साहेब, एक पुस्तक परत द्यायला हवं. तिच्या सासूचं की आईचं आहे, आता त्या हयात नाहीत. मूल झोपत नाही."

"अरेरे," साहेब म्हणाले. खरंच वाईट वाटल्यासारखे म्हणाले. "पण आता त्यावर शिक्का आहे ना? ग्रंथालयाची मालमत्ता झाली. मालमत्ता अशी उचलून कशी देणार? उद्या कुणी टेबल मागेल."

"पण शिक्का आपणच मारला."

"तेच म्हणतोय मी," साहेब समाधानाने म्हणाले.

प्रशिक्षक तिथेच होता. तो म्हणाला, "तिकडे अशा वेळी वाचकाशी भावनिक संवाद साधतात. आधी तिचं दुःख तिच्या शब्दांत तिला परत सांगायचं."

"आणि पुस्तक?"

"पुस्तक हा तपशील झाला," प्रशिक्षक म्हणाला.

धाकटी बाहेर आली. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि मस्तकाने काम सुरू केलं होतं. दर सत्राला फाटकी-विटकी पुस्तकं बाद करायचं काम तिच्याकडे होतं. ते इतर कुणालाच नको असायचं. ग्रंथालयातल्या माणसाला पुस्तक टाकून दे म्हणणं म्हणजे कंजुषाला दानधर्म सांगणं. साहेबांना विचारायला गेलं की ते इतके दिवस विचार करत, की शेवटी एकदा त्यांनीच वैतागून सांगितलं होतं, "बादचं मला विचारत जाऊ नका. तुमच्या अकलेने करा." बादचा शिक्का तिच्या खणात होता. आणि बाद झालेली पुस्तकं दाराबाहेरच्या टेबलावर मांडायची, ज्याला हवं त्याने न्यावं, ही तर साहेबांच्याही आधीपासूनची रीत.

नोकरी जाईल. पाळणाघर जाईल. हे तिला स्वच्छ दिसत होतं. पण त्याच्या बाजूला एक पोर न झोपता बसलेलं दिसत होतं, आणि ते सारखं ठकीसारखं दिसत होतं.

समारोपाच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. पडद्याआड हात घालून कपाट उघडलं. प्रत्येक शिक्क्यावर, त्या तिन्ही जागी, आडवा 'बाद' मारला. नियमच तसा होता; पहिला शिक्का दुसऱ्याने खोडावा लागतो. सगळी पुस्तकं बाहेरच्या टेबलावर मांडली. काका आले, त्यांनी टेबलाकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं.

"पोरी, हे काय?"

"बाद केली."

"सगळी?"

"सगळी."

"मी काही बघितलं नाही," काका म्हणाले, आणि आपल्या विभागात जाऊन दार लावून घेतलं. आयुष्यभर पुस्तकांना पाठी शिवणाऱ्या माणसाला स्वतःचा कणा मात्र शिवता आला नव्हता.

मुलं आली. आपापली पुस्तकं ओळखून, इकडेतिकडे बघत, घेऊन गेली. समारोपाच्या वेळी टेबल मोकळं होतं.

धाकटीने बोलायचं ते ठरवून आणलं होतं. 'शिक्का मारल्याने पुस्तक आपलं होत नाही, साहेब.' असंच पुढेही बरंच होतं. वाक्यं पाठ होती.

कुलगुरू आले. साहेब बोलले, मग प्रशिक्षक बोलला, मग साहेब प्रशिक्षकाबद्दल बोलले आणि प्रशिक्षक साहेबांबद्दल. मग कुलगुरूंनी दोरी ओढली. पडदा सरकला.

कपाट रिकामं होतं. लखलखीत पुसलेली काच, रिकाम्या फळ्या, आणि वर पाटी: 'अनेक संस्कृती, एक छत'.

साहेबांचा चेहरा दातदुखी सुरू व्हावी तसा एका बाजूने उतरायला लागला. धाकटीने श्वास घेतला, पहिलं वाक्य जिभेवर आणलं.

"रिकामं," प्रशिक्षक हळूच म्हणाला. मग मोठ्याने, "रिकामं कपाट!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मफलरने टिपून तो कुलगुरूंकडे वळला. "कळलं का तुम्हाला? संस्कृती कपाटात बसत नाही, असं म्हणतायत हे. असं मी तिकडेसुद्धा पाहिलं नाही." आणि साहेबांकडे वळून, "ही कल्पना तुमची?"

साहेबांनी कपाटाकडे बघितलं. प्रशिक्षकाकडे बघितलं. कुलगुरूंकडे बघितलं. धरावं तर चावतं, सोडावं तर पळतं. मग त्यांचा उतरलेला गाल हळूहळू वर चढला.

"तशी सगळ्यांचीच म्हणायची," साहेब नम्रपणे म्हणाले. "मी फक्त सुचवलं."

"पण पुस्तकं कुठायत?" कुलगुरूंनी विचारलं. एवढ्या लोकांत हा एकच साधा प्रश्न, आणि तोही कुलगुरूंनी विचारावा.

साहेबांनी धाकटीकडे बघितलं. तिला वाटलं, आता. पण पाठ केलेल्या वाक्यांना कुठे जागाच नव्हती.

"ज्यांची आहेत त्यांच्याकडे," ती म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. ताई तर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, मान हलवत. एखाद्याच्या तोंडावर दार आपटावं आणि त्याने दाराच्या सुताराचं कौतुक करावं, तसं झालं होतं.

नंतर साहेबांनी तिला खोलीत बोलावलं.

"मला विचारायचं तरी, अहो!"

"बादचं विचारायचं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं."

साहेबांना रागवायचं होतं, पण रागवायचं तर कल्पना आपली नव्हती हे कबूल करावं लागलं असतं. "बेटा," शेवटी ते म्हणाले, "प्रशिक्षक अहवालात लिहितोय. 'रिक्त कपाट उपक्रम'. त्याला प्रमुख म्हणून कुणाचं तरी नाव लागतं." आणि त्यांनी शिफारशीवर सही केली.

अशी धाकटीची नेमणूक पक्की झाली. कामाच्या यादीत एक काम वाढलं: कपाट रिकामं राहील याची दक्षता घेणे. त्याची गरजही पडली, कारण पुढे लोक त्यात जेवणाचे डबे ठेवायला लागले. ठकीची जागा पाळणाघरात कायम झाली. नवऱ्याने फोनवर विचारलं, "म्हणजे त्या टोप्यांचा उपयोग झाला म्हण की." धाकटीने फोन ठेवून दिला.

समारोपाच्याच दिवशी दुपारी तिसऱ्या खिडकीची टेबलाशी आली. हातात अस्वलाचं पुस्तक. धाकटी उठून उभीच राहिली. दिवसभरात पहिल्यांदा तिला बरं वाटलं होतं.

तिसऱ्या खिडकीचीने पहिलं पान उघडून टेबलावर ठेवलं. आजीच्या दोन ओळींवर जांभळं वर्तुळ, आणि वर्तुळावर आडवा 'बाद'. अक्षरं त्याखाली बुडून गेली होती.

"हे कोण केलं?"

"ग्रंथालयाने."

"हात कोणाचा?"

"माझा."

"आणि हे? वरचं?"

"तेही मीच. त्याच्यामुळेच तर पुस्तक परत मिळालं तुम्हाला. नाहीतर ते कपाटात…"

तिसऱ्या खिडकीची तिच्याकडे बघत होती. ती नजर धाकटीच्या ओळखीची होती. इतके दिवस ती तीच नजर वापरत आली होती: टोप्यांवर, मफलरवर, साहेबांच्या उतरत्या-चढत्या गालावर. समोरून ती कशी लागते हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. अस्वलाच्या पानाशी पॅड उघडताना आपण सगळ्यांना शिव्या घातल्या, एकट्या स्वतःला सोडून, हे तिला त्या नजरेत दिसलं. एक पान सोडता आलं असतं. मधे एक कोरा कागद ठेवला असता. हळू हाताने मारला असता. कुणी बघायला नव्हतं.

"मला माफ…" ती म्हणायला गेली.

तिसऱ्या खिडकीची किंचित मागे सरली, योग्य तेवढं अंतर ठेवून. डोळ्याला डोळा भिडवून, दात न दाखवता, हसली. "सहकार्याबद्दल आभार," ती म्हणाली. अगदी पत्रकात छापलं होतं तसं. पत्रकं दाराबाहेरही ठेवली होती; वाट बघणाऱ्यांनी वाचली असणार.

ती गेली. पुस्तक घेऊन, पाळणाघराच्या वाटेने.

धाकटीने हाताशी होती ती पुस्तकं उचलली आणि वरच्या मजल्यावर गेली. खिडकीशी उभी राहिली. खाली अंगणात गोटू पायरीवर बसला होता, मांडीवर अस्वल, आणि ठकी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. मधलं पान उघडं असावं. गोटूने बोट जिभेला लावून ओलं केलं आणि पानावर घासलं. मग पुन्हा ओलं केलं, पुन्हा घासलं. ठकीनेही आपलं बोट चाटलं आणि ती त्याला मदत करू लागली.

दोघंही मन लावून घासत होती. धाकटी खिडकीची चौकट धरून बघत राहिली. शाई निघणार नव्हती. ग्रंथालयात पक्कीच शाई वापरतात.